आरूला ऐकू यायला लागेपर्यंत

मूल दीड-दोन वर्षांचं झालंय, हाकेला ओ देत नाही आणि घरातले म्हणतायत, "बोलंल की, घाई कसली." अशा आईवडिलांसाठी हे लिहितेय. आमच्या आरूच्या बाबतीत पहिली शंका येण्यापासून ती वाक्यं बोलायला लागेपर्यंत सुमारे साडेतीन वर्षं गेली. त्यातला डॉक्टरी भाग इंटरनेटवर वाचायला मिळतो. कुठल्या खिडकीवर काय विचारायचं, कुठे किती थांबावं लागतं आणि त्या थांबण्यात काय करायचं, हे मला कुठे सापडलं नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगते. आमचं पैशावाचून फारसं अडलं नाही. कानाची मशीनं मोफत मिळाली, ऑपरेशन केंद्राच्या योजनेतून झालं. तपासणीचं यंत्रही सरकारी दवाखान्यात होतं. अडत होतं ते माणसावाचून. ते यंत्र चालवणारी, मुलाला बोलायला शिकवणारी आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचे आलेख, काढणारी व्यक्ती एकच होती, आणि तीही आठवड्यातले ठरावीक दिवसच तिथे असायची. त्या एका माणसाच्या वेळापत्रकावर आमच्या मुलीचं बालपण चाललं होतं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथे जी दोन-चार माणसं होती त्यांनी आमच्यासाठी जीव तोडून केलं.

आम्ही सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, दुष्काळी पट्ट्यातले. थोडी डाळिंबाची बाग, दोन गाई. आरूचा जन्म एप्रिल २०२१ चा, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात. बाळंतपण नीट झालं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. नवजात बाळाच्या कानात एक बारीक बोंडी घालून दोन मिनिटांत होणारी ओएई नावाची तपासणी असते, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आदर्श वेळापत्रक असं असतं: पहिल्या महिन्यात ही चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. कारण ऐकण्या-बोलण्यासाठी मेंदू घडतो तो पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत. तुमच्या घरात बाळ येणार असेल तर डिस्चार्जच्या आधी "कानाची तपासणी झाली का?" एवढं नक्की विचारा.

शंका आली २०२२ च्या दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारच्या पोरांनी अंगणातच सुतळी बॉम्ब लावला. गोठ्यातल्या गाई उधळल्या, मी दचकले, आणि आरू पणतीजवळ बसून रांगोळीत बोट फिरवत राहिली. तिने मान वर केली नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, म्हणाल्या, "तिचा बाप तीन वर्षाचा हुईस्तवर बोलला नव्हता." मिस्टरांचंही तेच मत. मी मात्र त्या रात्रीपासून तिच्या पाठीमागून डबे वाजवायला लागले. जमिनीवर पाय आपटला की ती वळायची, ताट वाजवलं की नाही. पायाखालची थरथर तिला कळत होती, हे पुढे दवाखान्यातल्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कानाच्या तपासण्या करणाऱ्या, मॅडमनी समजावलं. म्हणून घरी तपासताना जमीन हलेल असं काही करू नका आणि मुलाला सावली दिसणार नाही अशा बाजूला उभ्या राहा.

अंगणवाडीच्या ताईंना सांगितलं. त्यांनी वहीत नोंद केली आणि म्हणाल्या, गाडी येईल तेव्हा डॉक्टरांना दाखवू. ही गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. हा कार्यक्रम २०१३ पासून देशभर आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. एका पथकात दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता अशी माणसं धरलेली असतात. आमच्याकडे जी गाडी आली तीत एक डॉक्टर मॅडम आणि एक सिस्टर अशा दोघीच उतरल्या. बाकीच्या जागा रिकाम्या होत्या आणि शेजारच्या पथकाची गावंही त्यांच्याकडेच दिलेली होती. म्हणून जी गाडी दिवाळीनंतर लगेच यायची ती जानेवारी २०२३ मध्ये आली. पण त्या मॅडमनी आरूला बघितलं, मागून घंटी वाजवली, पुन्हा वाजवली आणि लगेच संदर्भ चिठ्ठी लिहून दिली. ही चिठ्ठी जपून ठेवा, तिच्या झेरॉक्स काढा. ती असली की मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या, म्हणजे डीईआयसीच्या नोंदीत येतं आणि पुढचं बरंच सोपं जातं. आणि गाडीची वाट बघत बसायची गरज नाही. आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही चिठ्ठी मिळते.

फेब्रुवारीत ओएई झाली. दोन्ही कानांना "रेफर", म्हणजे पुढची तपासणी करा, असा शेरा आला. पुढची तपासणी बेरा. यात मूल झोपलेलं असताना कानात टकटक आवाज सोडतात आणि कपाळावर, कानामागे चिकटवलेल्या तारांमधून मेंदूपर्यंत संदेश पोचतो का ते यंत्रावर बघतात. तारीख मिळाली १५ मार्च २०२३. आदल्याच दिवशी, १४ मार्चला, जुन्या पेन्शनसाठी राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. आम्ही पोचलो तर ओपीडीच्या दारात दोन शिकाऊ डॉक्टर आणि ही रांग. २० तारखेला संप मिटला, पण त्या आठवड्यातल्या सगळ्यांच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि आम्ही एप्रिलच्या शेवटाला गेलो.

एप्रिलमध्ये आरूला सर्दी होती. आधी टिंपॅनोमेट्री नावाची छोटी तपासणी करतात, तीत पडद्यामागे पाणी दिसलं. पाणी असताना बेरा केली तर उत्तर चुकीचं येतं, म्हणून औषध देऊन परत पाठवलं. सर्दी असेल तर घरून निघायच्या आधी फोन करा, तेवढाच हेलपाटा वाचतो. फोन मात्र दवाखान्याच्या मुख्य नंबरावर लावून उपयोग नसतो. आपल्या विभागातल्या शिपाईमामांचा किंवा मदतनीस ताईंचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या. ऑडिओलॉजिस्ट मॅडम आज आहेत की प्रमाणपत्रांच्या शिबिराला गेल्यात, हे त्यांनाच ठाऊक असतं.

मे महिन्यात तसंच झालं. मॅडम शिबिराला गेल्या होत्या, कारण दुसऱ्या ठिकाणची ऑडिओलॉजिस्टची जागा रिकामी होती. बेराच्या खोलीला कुलूप. दाराच्या काचेतून मला ते यंत्र दिसत होतं, वर स्वच्छ निळा कपडा घातलेला. माझ्यासोबत आटपाडीकडचं एक जोडपं होतं, त्यांचा मुलगा चार वर्षांचा. त्या बाईने काचेला हात लावला आणि म्हणाली, "मिशन हाय न्हवं आत?" मला तेव्हा फार संताप आला, आजही येतो. लाखो रुपयांचं यंत्र विकत घेता येतं, मग ते चालवणाऱ्याचा पगार दरमहा का देता येत नाही? ऑडिओलॉजीची पदवी चार वर्षांची असते, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. एवढं शिकलेल्या माणसाला ११ महिन्यांच्या करारावर ठेवलं तर ते किती दिवस टिकणार?

खाजगीत बेराला आम्हाला ३,००० रुपये सांगितले होते. तुमच्याकडे सोय असेल आणि मूल दोन वर्षांच्या पुढे असेल तर मी म्हणेन, थांबू नका, खाजगीत करून घ्या. अहवाल सरकारी ठिकाणी दाखवता येतो. फक्त प्रमाणपत्रासाठी पुन्हा तिथली तपासणी मागू शकतात, ते आधी विचारून घ्या. आम्ही करणार होतो, तेवढ्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली.

बेराचा दिवस सविस्तर लिहिते, कारण त्याची तयारी कुणी सांगत नाही. मूल गाढ झोपलेलं हवं. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवायचं, पहाटे लवकर उठवायचं आणि वाटेत अजिबात झोपू द्यायचं नाही. आम्ही पहाटेची एसटी धरली. नागज फाट्यापर्यंत आरू खिडकीत बघत होती, कवठेमहांकाळच्या पुढे तिचे डोळे मिटायला लागले. मी तिच्या गालाला पाणी लावतेय, मिस्टर तिला उभं करतायत, आणि अख्खी गाडी आमच्यावर चिडलेली. "अगं निजू दे की लेकराला, काय आई हायस का कोण!" असं मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या. मी तपासणीचं सांगितलं तशा त्याच आजी पुढे आल्या, आरूला मांडीवर घेतलं आणि मिरजेपर्यंत तिच्यापुढे बांगड्या नाचवत बसल्या. मिरजेत उतरून पुढची गाडी. (त्याच वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्याचा आम्हाला पुढची सगळी वर्षं आधार झाला.)

डोक्याला तेल लावून नेऊ नका. मी सवयीने लावलं असतं, पण मामांनी फोनवर सांगितलं होतं. तेलावर त्या तारा चिकटत नाहीत. दुधाची बाटली, रोजची गोधडी आणि कपड्यांचा एक जोड सोबत ठेवा.

केसपेपर काढून वर गेलो तेव्हा साडेनऊ झाले होते. झोपेचं औषध बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यावं लागतं. ते नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात अडकले होते, दुसरे डॉक्टर रजेवर. औषध पाजायला ज्या सिस्टर यायच्या त्यांच्या वॉर्डात त्या एकट्याच होत्या. मी डोकावले तर एका हाताने सलाईन बदलतायत, खांद्याला फोन धरलाय आणि तीन बायका तीन बाजूंनी "सिस्टर, सिस्टर" करतायत. त्यांना घाई कर म्हणायची माझी जीभ उचलली नाही. साडेदहा, अकरा झाले. आरू रडून रडून माझ्या खांद्यावर आपोआप झोपली. तेवढ्यात ऑडिओलॉजिस्ट मॅडम बाहेर आल्या, तिच्या श्वासाकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "झोपलीय ना? चला, औषध नको." चपला बाहेर काढून, दाराची कडी न वाजवता आम्ही आत गेलो. मॅडमनी कापसाने तिचं कपाळ पुसलं, तारा लावल्या. पाऊण तास मी श्वास धरून बसले.

मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. ऐकू येणाऱ्या कानात आवाज दिला की रेषेत उंचवटे येतात, त्यातला पाचवा महत्त्वाचा. आरूच्या रेषेत नव्वद डेसिबललाही काही उठत नव्हतं, दोन्ही कानांत. नव्वद म्हणजे ट्रकचा हॉर्न शेजारी वाजावा तसं. मी रडले. मॅडमनी रडू दिलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "कानात दोष आहे, मुलीत नाही. आता एक दिवस घालवायचा नाही." बाहेर वीसेक माणसं थांबली होती, तरी त्यांनी मला पुढची सगळी वाट एका कागदावर लिहून दिली: मशीन, प्रमाणपत्र, इम्प्लांटचा (ऑपरेशन करून कानात बसवायच्या कॉक्लिअर यंत्राचा) अर्ज, थेरपी. तो कागद अजून फाईलमध्ये पहिला लावलाय.

ऑगस्ट २०२३ मध्ये दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून दोन्ही कानांची मशीनं मिळाली. कानाच्या मापाचा मोल्ड वेगळा बनवून घ्यावा लागतो. आमचा पहिला मोल्ड शिट्टी मारायचा, म्हणजे तो सैल होता. मुलाचा कान वाढतो तसा मोल्ड बदलावा लागतो, हे लक्षात ठेवा. आरूने पहिल्या आठवड्यात एक मशीन गाईच्या गव्हाणीत टाकलं होतं. तेव्हापासून दोऱ्याने फ्रॉकला पिन करून ठेवायला लागले. इम्प्लांटच्या आधी काही महिने मशीन वापरून बघणं आवश्यकच असतं, त्यामुळे मूल काढून फेकतंय म्हणून कपाटात ठेवून देऊ नका. याच महिन्याच्या १५ तारखेपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतल्या तपासण्या आणि उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. चांगलंच झालं. मात्र गर्दी वाढली आणि माणसं तेवढीच राहिली.

दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा. अर्ज महा ई-सेवा केंद्रातून भरला तरी चालतो, पण मोबाईल नंबर स्वतःचाच द्या, कारण पुढचे सगळे मेसेज त्यावर येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त दोष असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारे, असं त्यात धरलंय. सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. तपासणी झाली, पण कान-नाक-घसा तज्ज्ञांची सही राहिली. कायम जागा रिकामी होती, दुसरीकडचे डॉक्टर प्रतिनियुक्तीवर यायचे आणि ते आले की आधी ऑपरेशनं उरकायचे. एका सहीसाठी दिवाळी उलटली. इथे एक उपाय लागू पडला: फाईलवर आवक क्रमांक मागून घेतला आणि दर आठवड्याला तो नंबर सांगून नम्रपणे विचारत राहिले. नुसतं "आरूचं काय झालं?" विचारलं तर शोधायला कुणाकडे वेळ नसतो. नंबर दिला की फाईल वर येते. लहान मुलांचं प्रमाणपत्र मुदतीचं असू शकतं, म्हणून तारीख बघून ठेवा. प्रमाणपत्रासोबतच्या दिव्यांग कार्डाचा रंगही टक्क्यांवर असतो: ४० ते ८० ला पिवळा, त्यावर निळा, ४० च्या खाली पांढरा.

इम्प्लांटसाठी एडिपमध्येच वेगळी सोय आहे. तिचं काम मुंबईच्या वांद्र्यातली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था बघते. अर्ज ऑनलाइन. जन्मजात ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना पाच वर्षांच्या आत घेतात, आणि जितकं लवकर तितका फायदा जास्त. आम्हाला उत्पन्नाचा दाखला, आधार, प्रमाणपत्र, बेराचा अहवाल, मशीन वापरल्याचा अहवाल आणि "थेरपीला नियमित आणू" असं लेखी हमीपत्र मागितलं. उत्पन्नाचा दाखला तलाठ्यांकडून सुरू होऊन तहसीलपर्यंत जातो. तो सगळ्यात आधी काढायला टाका आणि त्याचं वर्ष संपत नाही ना हे बघा. सीटी स्कॅन आणि एमआरआय दोन्ही लागतात, तेही भूल देऊन. ऑपरेशनच्या आधी न्यूमोनियाची लसही घ्यावी लागते.

ऑपरेशन फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या एका रुग्णालयात झालं. कोयना एक्स्प्रेसने गेलो. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तीनेक तास लागले, डोक्याला मोठं बँडेज होतं, पाचव्या दिवशी सोडलं. आम्हाला खर्च आला तो राहण्या-जेवण्याचा आणि प्रवासाचा, सगळा मिळून १८,००० च्या आसपास. टाके काढायला आणि मशीन सुरू करायला पुन्हा जावं लागतं, ते धरूनच बेत आखा.

मार्चमध्ये इम्प्लांटचं कानाबाहेर लावायचं मशीन जोडलं. मोबाईलवर जे व्हिडिओ फिरतात, मूल पहिल्यांदा आवाज ऐकतं आणि हसतं, तसं होईलच असं नाही. आरू घाबरून किंचाळली आणि तिने चुंबकाची चकती ओढून काढली. तिथले डॉक्टर म्हणाले, हे उत्तम लक्षण आहे, तिला ऐकू आलंय. आवाज हळूहळू वाढवत नेतात, त्याला मॅपिंग म्हणतात. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी, मग लांब लांब.

खरं काम यापुढे सुरू होतं. इम्प्लांटने आवाज आत जातो, त्याचा अर्थ लावायला शिकवावं लागतं. त्याला थेरपी लागते, आठवड्यातून निदान दोनदा, आणि दोन-तीन वर्षं. आमच्या पट्ट्यात थेरपिस्ट नाही. खाजगीत सांगलीला एका बैठकीचे ४०० रुपये, शिवाय जाण्यायेण्यात दिवस जातो आणि बागेतलं काम बुडतं. म्हणून पुन्हा त्याच मॅडम. त्यांच्याकडे आमच्या वाट्याला आठवड्यात एकदा वीस मिनिटं यायची. बेरा, मशीनं, ऑडिओग्राम, शिबिरं या सगळ्यातून उरलेला वेळ थेरपीला. काम वाढलं की पहिली कात्री थेरपीलाच लागते, कारण तिची रांग दिसत नाही. प्रमाणपत्र मिळालं नाही तर माणूस टेबलावर हात आपटतो. तीन वर्षांच्या मुलीला आज एक शब्द कमी शिकायला मिळाला तर तक्रार कोण करणार?

मॅडमनी यावर वाट काढली. त्या वीस मिनिटांत आरूला शिकवण्याऐवजी त्यांनी मला शिकवलं. रोज सकाळी मशीन लावल्यावर तोंड झाकून, तिच्या बाजूला बसून सहा आवाज काढायचे: आ, ई, ऊ, म, श, स. तिने प्रत्येक आवाजाला एक दाणा वाटीत टाकायचा. एखाद्या आवाजाला दाणा पडला नाही तर बॅटरी, वायर, चकती तपासायची. 'स' सगळ्यात शेवटी आला. दोन मिनिटांचं काम आहे, पण मशीन बिघडलंय हे त्याच दिवशी कळतं. वस्तू दाखवायच्या आधी आवाज द्यायचा. भाकरी थापताना तिला मागे उभी करायचे, आधी थप-थप ऐकवायचे, मग वळून परात दाखवायची. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजून थांबायचं, उत्तर आपण द्यायचं नाही. हे आत्यांना शिकवणं अवघड गेलं, पण शिकल्यावर त्यांनीच जास्त केलं. दिवसभर अंगणात त्या दोघी. आरूचा पहिला स्पष्ट शब्द आई नाही, बाबा नाही, "हाड!" होता. भाकरीवर डोळा ठेवून आलेल्या कुत्र्याला तिने आत्यांच्याच ठसक्यात हाकललं. ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट. मी चुलीपुढून उठून मॅडमना फोन लावला, त्या शिबिरात होत्या, त्यांनी तिथेच सगळ्यांना सांगितलं.

मशीन सांभाळण्याचं थोडं. रात्री सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर जाताना बाहेरचं मशीन काढून ठेवा, तिथे तयार होणाऱ्या स्थिर विजेने मॅप बिघडू शकतो. अंगणवाडीच्या ताईंना आणि शाळेत हे सांगून ठेवा. वायर वर्षा-दीड वर्षात तुटतेच आणि काही हजारांत जाते, त्यासाठी दरमहा थोडे बाजूला टाका. आणि पुढे कधीही एमआरआय सांगितला तर आधी इम्प्लांटचं कार्ड दाखवा.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी राज्यभर काम बंद केलं. दहा वर्षांहून जास्त सेवा झालेल्यांना कायम करा, ही मुख्य मागणी. आमच्या मॅडमही त्यात होत्या. थेरपी थांबली. आमच्या पालकांच्या ग्रुपवर काही जण चिडले, मी नाही चिडले. ज्या बाईने दोन माणसांचं काम एकटीने केलं, तिला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नसावं, हे चूकच आहे. त्या दिवसांत आम्ही ग्रुपवर व्हिडिओ कॉल करून मुलांना एकमेकांशी बोलायला लावायचो. रेंजसाठी मी आरूला घेऊन गच्चीवर बसायचे.

मॅडम पुन्हा आल्या, पण जानेवारी २०२६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुण्यात कायम नोकरी मिळाली. त्यांचं भलं व्हावं. जायच्या आधी त्यांनी प्रत्येक मुलाची वही भरली: कुठले आवाज येतात, कुठले राहिलेत, पुढे काय घ्यायचं. आरू आता पाच वर्षांची होतेय, चार-पाच शब्दांची वाक्यं बोलते, 'र' अजून अडतो. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय की महिन्यातून एक बैठक पुरेल, म्हणजे आमचं भागेल. पण ग्रुपमध्ये दोन मुलं अशी आहेत ज्यांची मशीनं गेल्याच वर्षी सुरू झालीत, आणि बेराच्या खोलीला पुन्हा कुलूप आहे.

म्हणून आम्ही पालकांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील करता येतं. अर्जात तीनच गोष्टी विचारल्यात: डीईआयसीत ऑडिओलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकाची मंजूर पदं किती, त्यातली भरलेली किती, आणि रिकाम्या पदांची जाहिरात शेवटची कधी निघाली. प्रश्न सुटे आणि छोटे ठेवा, "कारण काय" असं विचारू नका, ते फेटाळता येतं. त्याची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि एक आमदारांच्या कार्यालयात दिलीय, दोन्हीकडे पोच घेतलीय. आमची मुदत २२ तारखेला संपते. तुमच्या तालुक्यातून अर्ज टाकायचा असेल तर मजकूर कळवा, मी वाचून देईन.